पहिल्या वर्षाचा उंबरठा आणि भाषेचा रकाना

परीक्षांचे निकाल लागले की सीमाभागातील घराघरांत एकच धावपळ सुरू होते. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, फोटो, झेरॉक्स. नाडकचेरीपासून कॉलेजच्या खिडकीपर्यंत रांगाच रांगा. पेढे वाटले जातात, नवी बॅग येते, खानापूर, येळ्ळूर, कडोली, उचगावहून सकाळी किती वाजता बस सुटते याची चौकशी होते. या सगळ्या गडबडीत प्रवेश अर्जावरचा एक छोटासा रकाना मात्र फारसा विचार न करताच भरला जातो. तो रकाना असतो भाषा विषयाचा. ‘कशात जास्त मार्क पडतात?’ एवढे शेजारच्या मुलाला विचारले जाते आणि तो जे सांगेल ते लिहून टाकले जाते.

आम्हाला असे वाटते की, मराठी शाळेतून आलेल्या मुलाचे पहिले वर्ष कसे जाणार, याचे बरेचसे उत्तर या रकान्याभोवतीच आहे. केवळ त्यात कोणती भाषा लिहिली यावर नव्हे, तर आपण शिकलेल्या भाषेचे आता काय करायचे, या प्रश्नाचा विचार झाला की नाही यावर. तो विचार झाला नाही, तर हुशार मूलही पहिल्या वर्षात मागे पडते आणि ते का मागे पडले हे ना त्याला कळते, ना घरच्यांना.

धक्का कोठे बसतो?

कर्नाटकात दहावीनंतरची दोन वर्षे पीयूसीची. विज्ञान शाखेला तेथूनच इंग्रजी माध्यम सुरू होते. म्हणजे पहिला धक्का तेथेच बसतो. पण पीयूसीची दोन वर्षे गाईड, शिकवणी आणि पाठांतर यांच्या बळावर बरीच मुले रेटून नेतात. खरा उघडेपणा येतो तो पदवीच्या पहिल्या वर्षात. तेथे सत्र पद्धती असते. साधारण चार महिन्यांत सत्र उरकते. दीड-दोन महिन्यांत पहिली चाचणी येऊन उभी राहते. अंतर्गत गुण असतात, प्रात्यक्षिकाची वही असते, सेमिनार असतो, पंच्याहत्तर टक्के हजेरीची अट असते. पाठांतराला सवडच उरत नाही. जे समजले तेच लिहिता येते, आणि जे समजले ते कोणत्या भाषेत समजले, हा प्रश्न तेथे उभा राहतो.

विज्ञानाकडे गेलेल्या मुलाने शाळेत ‘संवेग’ आणि ‘त्वरण’ शिकलेले असते. कॉलेजात त्याच्या कानांवर ‘मोमेंटम’ आणि ‘अॅक्सिलरेशन’ पडते. ‘गुणसूत्र’ म्हणजेच ‘क्रोमोसोम’, ‘प्रकाशसंश्लेषण’ म्हणजेच ‘फोटोसिंथेसिस’ ही सांगड एकदा बसली की विषय जुनाच आहे हे लक्षात येते. पण ती सांगड बसवून देणारे कोणी भेटले नाही, तर ओळखीच्या गोष्टीही परक्या वाटू लागतात. वाणिज्य शाखेत तर याहून गंमत आहे. ज्याच्या वडिलांचे किराणा दुकान आहे, त्या मुलाच्या कानांवर रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद हे शब्द लहानपणापासून पडलेले असतात. दुकानाच्या गल्ल्यावर बसून त्याने जमाखर्च लिहिलेलाही असतो. तोच मुलगा ‘जर्नल’, ‘लेजर’ आणि ‘बॅलन्स शीट’ हे शब्द ऐकून गांगरतो. ‘डिप्रिसिएशन’ म्हणजे आपल्या वडिलांच्या टेम्पोची दरवर्षी उतरत जाणारी किंमत, म्हणजेच घसारा, हे त्याला कोणी एका वाक्यात सांगितले असते तर त्याची एक रात्र वाचली असती.

तेव्हा मुलाला विषय येत नाही, असे नाही. विषय त्याच्याजवळ आहे, पण तो मराठीच्या कपाटात ठेवलेला आहे आणि त्या कपाटाची किल्ली कॉलेजच्या दारात काढून ठेवायची असते, असा त्याचा समज झालेला आहे.

गप्प बसण्याचा रोग

मागे पडण्याची सुरुवात नापास होण्यापासून होत नाही. ती गप्प बसण्यापासून होते. शाळेत पहिल्या बाकावर बसणारी मुलगी कॉलेजात शेवटून तिसऱ्या बाकावर जाते. शंका असते, पण ती विचारायची कशात? इंग्रजीत वाक्य जुळवता जुळवता तास संपतो. कन्नडमध्ये विचारावे तर उच्चार चुकेल आणि वर्ग हसेल. मराठीत विचारावे तर सरांना मराठी येते की नाही हे माहीत नाही. शेवटी ती काहीच विचारत नाही. आठवडाभराने विचारण्याची सवय मोडते, महिन्याभराने शंका येणेच बंद होते. प्राध्यापकांना वाटते, मुलगी शांत आहे. घरी वाटते, अभ्यास चालला आहे.

मग पहिल्या सत्राचा निकाल लागतो. दोन विषय राहिलेले असतात. मुलगा असेल तर ‘शिकून तरी काय दिवे लावणार आहेस’ असे म्हणत त्याला उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात चिकटवले जाते. मुलगी असेल तर स्थळे बघायला सुरुवात होते. उद्यमबागेतले काम कमी प्रतीचे आहे असे आमचे म्हणणे नाही. बेळगावच्या ओतकामाने आणि सुट्या भागांनी हजारो संसार उभे केले आहेत. पण ज्याने आपणहून ते काम निवडले तो वेगळा आणि चार महिन्यांच्या मौनापायी जो तेथे ढकलला गेला तो वेगळा. या दुसऱ्या मुलाचे नाव कोणत्याही यादीत येत नाही. त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही. तो फक्त बसच्या पासातून आणि हजेरीपटातून नाहीसा होतो.

हा प्रश्न आजचा नाही

आपल्याच मुलांवर ही वेळ आली, असे समजून कोणी खचून जाऊ नये. परक्या माध्यमात शिकण्याचा प्रसंग मराठी माणसावर पूर्वीही आला आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. उत्तीर्ण झालेल्या एकवीस जणांत महादेव गोविंद रानडे होते. पुढे विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा वगळल्या गेल्या. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना पुन्हा स्थान मिळावे म्हणून विद्यापीठात अनेक वर्षे खटपट केली, आणि त्यांच्या अखेरच्या काळात एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ही खटपट करणारा माणूस इंग्रजीत कमी पडत होता म्हणून ती करत नव्हता. इंग्रजीवर पूर्ण प्रभुत्व असलेल्या माणसाला मराठीची गरज अधिक कळली होती.

दुसरे उदाहरण हैदराबादचे. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. वैद्यकापर्यंतचे विषय तेथे उर्दूत शिकवले जात आणि त्यासाठी पाठ्यपुस्तकांची भाषांतरे करणारे एक स्वतंत्र खाते राज्याने चालवले होते. देशी भाषेत उच्च शिक्षण देता येते, हे त्यातून दिसले. पण मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, आणि तिथल्या मराठी मुलाला उर्दू परकीच होती. त्यातच १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियाच्या आणि औरंगाबादच्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांच्यापैकी अनेकांना आपल्याकडे घेतले. उर्दूत शिकलेल्या या मुलांना नागपुरात एका दिवसात इंग्रजी माध्यमाला तोंड द्यावे लागले. त्या विद्यार्थ्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते. तेलुगू मातृभाषा असलेल्या या माणसाने पुढे मराठी आत्मसात केली, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेली आणि १९९१ मध्ये ते देशाचे पंतप्रधान झाले. माध्यम बदलले म्हणून माणूस संपत नाही. मात्र त्या मुलांना हात देणारे कोणीतरी होते, ही गोष्ट विसरता येणार नाही. आमचा मुद्दा नेमका तोच आहे. मुलाची जिद्द त्याची स्वतःची असते, पण हात समाजाने द्यायचा असतो.

आपल्यासारख्याच परक्या राज्यभाषेत वसलेल्या इतर मराठी गावांकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट कळते. इंदूर-ग्वाल्हेरच्या बहुतेक मराठी घरांतील मुले हिंदी किंवा इंग्रजी शाळेत जातात, बडोद्याची गुजराती किंवा इंग्रजी शाळेत. गोव्यात प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी असली तरी पुढे पाचवीपासून सर्वसाधारणपणे इंग्रजी येते. या मुलांना कॉलेजच्या पहिल्या वर्षी माध्यमाचा धक्का फारसा बसत नाही. पण त्याची किंमत त्यांनी आधीच मोजलेली असते. त्यांच्यापैकी कितीतरी जण घरी मराठी बोलतात आणि आजीला मराठीत पत्र लिहायला मात्र अडखळतात. बेळगावच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाजवळ दहा वर्षांची लिहिती मराठी आहे. ती त्याची अडचण नाही, ती त्याची शिल्लक आहे. अडचण एवढीच की ही शिल्लक वापरायची कशी हे त्याला कोणी सांगत नाही.

कायदा कोठवर साथ देतो?

येथे थोडी कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, त्याच वेळी घटनेत ३५०-अ हे कलम घालण्यात आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. परंतु ते प्राथमिक टप्प्यापुरते आहे. कॉलेजच्या वर्गापर्यंत त्याचा हात पोचत नाही.

बेळगावपुरते बोलायचे तर येथील कॉलेजे एके काळी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, नंतर ती धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे गेली आणि २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आले. विद्यापीठे बदलली, मराठी मुलाचा प्रश्न तोच राहिला. २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने पदवीच्या वर्गांत कन्नड सक्तीची करणारा आदेश काढला. त्याविरुद्ध दाद मागितली गेल्यावर २०२२ च्या एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन ती सक्ती रोखली. २०२३ च्या एप्रिलमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरच्या विद्यापीठांना असे सुचवले की, अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत. सूचना चांगली आहे. पण बेळगाव, खानापूर, निपाणीची ‘स्थानिक भाषा’ कोणती, हा प्रश्न विचारला की सगळे गप्प होतात.

असाच एक पेच ‘नीट’चा आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या या परीक्षेची प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठीतही निघते. मात्र मराठीचा पर्याय महाराष्ट्रातील केंद्रांवर मिळतो. बेळगावच्या केंद्रावर बसणाऱ्या मराठी मुलाला तो नाही. उलट, महाराष्ट्र सरकारने वादग्रस्त ८६५ गावांतील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना आपल्याकडील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वेगळी सोय ठेवली आहे, पण त्यासाठी लागणारे दाखले कोणते आणि कधी काढायचे, हे अनेकांना मुदत संपल्यावर कळते. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल यायचा तेव्हा येईल. पण यंदाच्या पहिल्या वर्षाच्या मुलाचे सत्र त्या निकालासाठी थांबणार नाही. त्याला या चार महिन्यांतच उभे राहायचे आहे.

कन्नडशी ओळख हवी

सक्तीला विरोध करणे वेगळे आणि भाषेशी वैर धरणे वेगळे. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात ज्यांनी प्राण दिले, त्यांचे स्मरण सीमाभाग दरवर्षी करतो आणि ते केलेच पाहिजे. परंतु त्यांचा लढा कन्नड माणसाशी किंवा कन्नड भाषेशी नव्हता, तो सक्तीशी होता. आपल्या मुलाला कन्नड आली तर आपले काही कमी होत नाही. न आली तर मात्र कॉलेजच्या पहिल्या आठवड्यातच त्याची गाडी अडते.

बाजारातली कन्नड आपल्याला येतेच. कचेरीतली कन्नड वेगळी आहे आणि तीच मुलांना घाबरवते. पण तिच्याकडे नीट पाहिले तर ती वाटते तितकी परकी नाही. सूचना फलकावर ‘सूचने’, ‘परीक्षे’, ‘शुल्क’, ‘हाजरी’, ‘रजे’, ‘अर्जी’, ‘दाखले’, ‘प्रवेश’ हेच शब्द असतात, आणि यातला एकही मराठी माणसाला नवा नाही. ‘फलितांश’ म्हणजे निकाल आणि ‘विद्यार्थी वेतन’ म्हणजे शिष्यवृत्ती, एवढे कळले की निम्मा फलक वाचून होतो. आपणही कन्नडकडून कमी घेतलेले नाही. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता या शब्दांचे मूळ अभ्यासक कन्नडकडेच दाखवतात. २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानंतर शाळेत गेलेल्या मुलांनी तर पहिलीपासून कन्नड लिपी गिरवलेली आहे. तेव्हा वाचण्याचा प्रश्न उरलेला नाही, भीड चेपण्याचा आहे. शेजारच्या बाकावरच्या कन्नड मुलाशी मैत्री करावी. त्याचीही इंग्रजीशी तीच झटापट चाललेली असते, हे पहिल्याच आठवड्यात लक्षात येईल.

परगावी गेलेली मुले

काही मुले बेळगाव सोडून धारवाड, बेंगळुरू, कोल्हापूर, पुण्याला जातात. त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. धारवाडच्या खानावळीत ज्वारीची भाकरी मिळते, म्हणून पोट तरी परके होत नाही. बेंगळुरूला भात-सांबाराची सवय लावून घ्यावी लागते. तेथे हा मुलगा ‘मराठी’ म्हणून ओळखला जातो. पुण्याला गेला की त्याच्या बोलण्यातला हेल ऐकून विचारतात, ‘तू कानडी का रे?’ म्हणजे इकडे मराठी आणि तिकडे कानडी. आमच्याकडच्या मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे म्हणतात. कोल्हापुरात त्यात कोणाला काही वाटत नाही, पण पुण्याच्या वसतिगृहात हशा पिकतो. ‘करायलोय की’, ‘जायलोय की’ म्हणणारा मुलगा दोन महिन्यांत बोलायचाच कमी होतो. परक्या भाषेमुळे एक जण गप्प होतो आणि स्वतःच्याच भाषेमुळे दुसरा.

या मुलांना आम्ही एवढेच सांगू की, पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात प्राध्यापक होते आणि ‘रावसाहेब’ लिहिताना त्यांनी याच मातीतल्या कानडी वळणाच्या मराठीला सबंध महाराष्ट्राच्या तोंडी बसवले. ज्या बोलीवर पुण्याने प्रेमाने हसायला शिकावे, ती बोली लपवण्याचे कारण नाही. उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठी लिहावी आणि मित्रांत आपले बोलणे बोलावे. दोन्ही येणारा माणूस एक येणाऱ्यापेक्षा श्रीमंतच असतो.

पहिल्या दोन महिन्यांत काय करावे?

उपदेश पुष्कळ झाला. आता प्रत्यक्षात करण्यासारख्या काही गोष्टी.

दहावीची मराठी पुस्तके रद्दीत घालू नका. कॉलेजात नवे प्रकरण सुरू झाले की त्या विषयाचे जुने मराठी प्रकरण आदल्या रात्री वाचून जा. समजायचे मराठीत आणि मांडायचे इंग्रजीत, हा क्रम लाजिरवाणा नाही, तो शहाणपणाचा आहे.

एक दोन भाषांची वही करा. डाव्या पानावर मराठी शब्द, उजव्या पानावर इंग्रजी, आणि खाली आपल्या शब्दांत एक ओळ. रोज दहा शब्द लिहिले तरी पहिल्या चाचणीपर्यंत चारशेच्या वर शब्द होतात. पहिल्या सत्राच्या एखाद्या विषयाला तेवढे पुरून उरतात.

एकाच बसने येणाऱ्या चौघा-पाच जणांचा गट करा. सकाळी येताना एकाने कालचा धडा बाकीच्यांना मराठीत समजावून सांगायचा आणि संध्याकाळी परतताना दुसऱ्याने तोच मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायचा. २०२३ पासून कर्नाटकात सरकारी बसचा प्रवास महिलांना मोफत झाला आहे. खेड्यातल्या मुलींसाठी ही मोठीच सोय आहे. जो वेळ बसमध्ये जाणारच आहे, त्याचा असा उपयोग करता येतो.

आठवड्यातून एक तरी शंका विचारा. वर्गात धीर होत नसेल तर तास संपल्यावर विचारा. वाक्य चुकले तरी चालेल. आमचा अनुभव असा की, दाराशी थांबून प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या व्याकरणाकडे शिक्षक पाहत नाहीत, त्याच्या प्रश्नाकडे पाहतात.

रोज एक उत्तर हाताने लिहून काढा. इंग्रजी वाचून समजते, पण लिहिताना हात अडतो, ही तक्रार सर्रास ऐकू येते. तो हात लिहूनच सुटतो, दुसरा उपाय नाही.

कागदपत्रांवरचे नाव तपासा. मराठी आडनाव कन्नडमधून इंग्रजीत जाईपर्यंत त्याची दोन-तीन रूपे होतात. आधार कार्डावर एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे आणि बँकेत तिसरे. शिष्यवृत्ती अडते ती येथे. प्रवेशापासून निकालापर्यंत सगळे आता संगणकावर असल्याने एका अक्षराची चूकही मोठी ठरते. दुरुस्ती पहिल्याच वर्षी करून घ्या.

आणि प्रवेश घेण्याआधीच स्पष्ट विचारा की, आपल्या विषयाचे उत्तर कोणकोणत्या भाषांत लिहिता येते. हा प्रश्न खिडकीवर न लाजता विचारावा आणि उत्तर शक्यतो लेखी घ्यावे.

पालकांसाठीही दोन शब्द. पालकहो, पहिल्या चाचणीचे गुण पाहून मुलाची लायकी ठरवू नका. त्या चाचणीत विषयाबरोबर भाषेचीही परीक्षा होते. दुसऱ्या सत्राचे गुण पहिल्यापेक्षा वाढले का, एवढे पाहा. घरी आल्यावर ‘किती मार्क पडले’ हे विचारण्याआधी ‘आज वर्गात काय विचारलेस’ हे विचारा. त्याच्या गप्प बसण्याचा सुगावा तुम्हालाच सर्वांत आधी लागू शकतो.

रकान्यात काय लिहायचे?

आता त्या रकान्याकडे येऊ. ज्या कॉलेजात भाषा विषय म्हणून मराठी घेता येते, तेथे मराठी शाळेतून आलेल्या मुलाने ती घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे अभिमानापोटी म्हणत नाही, अभिमानाचा भाग आहेच. पण पहिले कारण रोकडे आहे. दिवसभराच्या पाच तासांत एक तास असा असतो, जेथे या मुलाला सगळे समजते, जेथे तो हात वर करू शकतो, जेथे त्याचे उत्तर इतरांपेक्षा चांगले असते. त्या एका तासात त्याची मान ताठ राहते आणि ती ताठ मान घेऊन तो पुढच्या तासाला जातो. पहिल्या वर्षात याची किंमत दहा-पाच गुणांपेक्षा कितीतरी मोठी आहे.

दुसरे कारण सर्वांचे आहे. कॉलेजातला भाषेचा वर्ग विद्यार्थ्यांच्या संख्येवर उभा असतो. यंदा मुले कमी झाली की पुढच्या वर्षी तासिका कमी होतात. प्राध्यापक निवृत्त झाले की जागा भरली जात नाही. आणि एक दिवस अर्जावरच्या त्या रकान्यात मराठी हा पर्यायच छापला जात नाही. त्यासाठी कोणाला आदेश काढावा लागत नाही, पोलिस आणावे लागत नाहीत. आपणच ‘कशात जास्त मार्क पडतात’ असे विचारत विचारत तो वर्ग बंद केलेला असतो. बाहेरच्या सक्तीविरुद्ध लढता येते. आपल्या बेफिकिरीविरुद्ध मोर्चा कोणावर काढायचा?

म्हणून सीमाभागातील मंडळे, वाचनालये, माजी विद्यार्थी आणि निवृत्त शिक्षक यांना आमची विनंती आहे. प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या दारात एक टेबल टाकून बसा. अर्ज भरायला मदत करा, दाखल्यांची माहिती द्या. पहिल्या सत्रात गावच्या वाचनालयात रविवारी दोन तास वर्ग घ्या आणि मराठी-इंग्रजी शब्दांची सांगड घालून द्या. यासाठी निधी लागत नाही, परवानगी लागत नाही. खडू-फळा लागतो आणि दोन तास देणारा माणूस लागतो.

इंग्रजी शिकावी, कारण ज्ञान तिच्यातून येते. कन्नड शिकावी, कारण आपण या भूमीत राहतो आणि शेजाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलण्यात माणुसकी आहे. आणि मराठी सोडू नये, कारण या दोन्ही भाषा शिकताना उभे राहायला जी जमीन लागते ती मराठीचीच आहे. यंदा पहिल्या वर्षात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला आमच्या शुभेच्छा. वर्गात बसा, पुढच्या बाकावर बसा आणि काही अडले तर विचारा.